गोदाला आणायला गेलेली तिघं

कल्याणी ओव्हाळ आमच्या शाळेत बदलून आली, तेव्हा वाघजाईवाडी महापालिकेत जाऊन फार वर्षं झाली नव्हती. फाटकावरची पाटी तेवढी बदलली होती. बाकी शाळा तीच. पत्र्याचं छप्पर, मैदानाला अर्धवट कुंपण आणि दोन वर्गांच्या मध्ये भिंतीऐवजी प्लायवुडचं पार्टिशन. अलीकडे माझी तिसरी, पलीकडे तिची चौथी. तिचा आवाज माझ्या वर्गात यायचा, माझा तिच्या. त्यामुळे पुढे सांगते आहे त्यातलं निम्मं मी ऐकलेलं आहे आणि निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं.

गाव हिंजवडीच्या वाटेवरचं. दोन हजार एक-दोन सालचे ते दिवस. जिथे ज्वारी असायची तिथे खड्डे खणले जात होते आणि खड्ड्यांतून इमारती वर येत होत्या. रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या जायच्या, काचा बंद, आतली माणसं झोपलेली. आमच्या वर्गांतली मुलं तीन प्रकारची. ज्यांच्या जमिनी विकल्या गेल्या ती गावातली. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली ती वस्तीवरची. आणि लातूर-नांदेडकडून आलेल्या मजुरांची ती साइटवरची. ही जूनमध्ये नाव घालायची आणि काम संपलं की नाहीशी व्हायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण खिडकीशी गाव बसायचं, मध्ये वस्ती आणि दाराशी साइट. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हजेरी घ्यायला उलट सोपं जायचं.

कल्याणी तेव्हा तिशीची असेल. सावळी, किरकोळ, बोलणं मोजकं. वडील बाबुराव रेल्वेत होते, त्यामुळे बालपण घोरपडीच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. आम्ही दोघी कोथरूडला राहायचो आणि माझ्या स्कूटीवरून एकत्र यायचो. एकदा मागे बसून ती सहज म्हणाली, "आमच्या शाळेत कवायतीला जोड्या करा म्हटलं की माझ्या जोडीला बाई उभ्या राहायच्या. बाई चांगल्या होत्या. पण जोडी बाईंची नको असते हो." एवढंच बोलली. मी गिअर नसलेल्या गाडीचा उगाच कान पिळला.

जुलैत तिच्या वर्गात मारामारी झाली. मधल्या सुट्टीत नळावर कोण आधी, यावरून पृथ्वीराजनं निकिताला ढकललं. निकिता वस्तीवरची, बारीक चणीची पण तोंडानं तिखट. ती नळाच्या कट्ट्यावर तोंडावर आपटली आणि पुढचा दात अर्धा तुटला. रक्त पाहून वस्तीवरची मुलं पृथ्वीराजवर तुटून पडली, गावातली त्यांच्यावर, आणि आम्हाला शिपायासकट पाच मोठी माणसं लागली सोडवायला. पृथ्वीराज म्हणजे जयसिंगरावांचा मुलगा. जयसिंगराव गावातले जमीनदार. आता बिल्डरांबरोबर भागीदारीत इमारती बांधत होते. निकिताचे वडील तक्रार करायला आलेच नाहीत. ते हिंजवडीत एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते, आणि ती नोकरी त्यांना जयसिंगरावांच्या ओळखीनं लागली होती.

लोणकर सर आमचे मुख्याध्यापक. त्यांनी कल्याणीला बोलावून सांगितलं, "बसतायत तशी लांब लांब बसू द्या. पाण्याच्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या करा. गाव आहे हे, बाई. आपण इथे पाहुणे."

दुसऱ्या दिवशी कल्याणीनं वर्गाचे चार-चार जणांचे गट केले. प्रत्येक गटात तिन्ही ठिकाणची मुलं. पृथ्वीराजच्या गटात तिनं निकिताला घातलं.

"वेडी आहेस का?" मी जाताना तिला विचारलं.

"प्रज्ञेशच्या कंपनीनं मागच्या महिन्यात त्यांना मुळशीला रिसॉर्टवर नेलं होतं," ती म्हणाली. प्रज्ञेश तिचा नवरा, संगणकाचा कोर्स करून हिंजवडीत लागलेला. "टीम बिल्डिंग. एकमेकांचे डोळे बांधून चालवायचं, दोरी धरून उभं राहायचं. पस्तिशीची माणसं हो. एकमेकांशी बोलायला शिकवायला त्यांना रिसॉर्टवर न्यावं लागतं. माझ्याकडे ती नऊ वर्षांची आहेत आणि शाळेत आयती येतायत."

त्या गटात आणखी दोघं होती. गावातल्या टेम्पोवाल्याचा चेतन, ज्याचा दिवस दुसऱ्याच्या चहाड्या सांगण्यात जायचा. आणि साइटवरची गोदा. गोदा लातूरकडची, सोजरबाई नावाच्या मजूर बाईची मुलगी. ती वर्गात तोंडच उघडायची नाही, कारण उघडलं की मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करायची.

पहिले पंधरा दिवस पार्टिशनपलीकडून नुसता कल्ला यायचा. पृथ्वीराज गटाच्या सतरंजीवर बसेना, आपलं दप्तर अंथरून त्यावर बसायचा. चेतन दर पाच मिनिटांनी "बाईऽऽ, ही बघा" करायचा. कल्याणी उपदेश करत नव्हती. ती कामंच अशी द्यायची की एकट्याला जमू नयेत. एकाकडे कात्री, एकाकडे डिंक, एकाकडे कागद आणि चौथ्याकडे काय करायचं ते सांगणारी चिठ्ठी. हवं ते मागायचं, पण नाव घेऊन मागायचं. 'ए' म्हटलं की मिळणार नाही. पृथ्वीराजनं सबंध एक तास कात्रीवाचून काढला, पण "गोदा, कात्री दे" म्हणाला नाही. तास संपताना म्हणाला. गोदानं कात्री दिली आणि तिच्या टोकाची बाजू आपल्याकडे ठेवली.

दुसरा नियम भांडणाचा. भांडण झालं की ज्यानं त्यानं आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं. निकिताला सांगावं लागलं, पृथ्वीराज का चिडला. पृथ्वीराजला सांगावं लागलं, निकिता का. मी माझ्या वर्गाला पाढे घालून कान तिकडे लावून बसायचे. "तिला वाटतं," पृथ्वीराज एकदा अडखळत म्हणाला, "की मी मुद्दामच ढकललं." इकडे माझ्या वर्गाचा एक पाढा होऊन गेला. मग, "ढकललंच होतं मी मुद्दाम."

तिसरा नियम सगळ्यात सोपा होता आणि पुढचं सगळं त्यानंच घडवलं. चौघांचं झालं तरच गटाचं झालं. गोदाला वाचता येत नसेल तर तिघांचं वाचन पूर्ण नाही. कुणी मागे राहिलं तर पुढे गेलेल्यांनी परत यायचं. कल्याणी हे रोज म्हणायची. मुलांच्या अंगात ते भिनलं.

ऑगस्टमध्ये तिनं पाणी भरण्याच्या पाळ्या गटांना दिल्या. वर्गातला माठ धुवायचा, नळावरून कळशी आणून भरायचा, सगळ्यांना ओगराळ्यानं पाणी वाढायचं. पृथ्वीराजच्या गटाची पाळी आली, आणि निकितानं वाढलेलं पाणी गावातली मुलं प्यायली. संध्याकाळी ते घरोघरी पोचलं.

सकाळी जयसिंगराव आले. पांढरे कपडे, हातात मोबाइल. तो तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. ते वर्गाच्या दारात उभे राहिले.

"बाई, माझ्या पोराला भांडी घासायला घातलंय म्हणं?"

"माठ धुतला त्यानं. आज दुसऱ्या गटाची पाळी आहे."

"शाळेत शिपाई हाय ना?"

"आहे."

"मग पाणी त्यानं भरायचं. पोरांनी शिकायचं."

"हे शिकणंच आहे, जयसिंगराव. आत येऊन बसा, बघा."

ते आत आले नाहीत. सगळ्या वर्गावरून त्यांनी नजर फिरवली आणि ती निकितावर थांबली. खरं कारण तेवढ्यात बोलून झालं होतं, तोंडानं कुणीच बोललं नाही. जाताना ते लोणकर सरांच्या खोलीत गेले. पुढच्या आठवड्यात गावातल्या तीन मुलांचे दाखले गेले. पृथ्वीराजचा मात्र अजून नव्हता. रस्त्यापलीकडे इंग्रजी माध्यमाची नवी शाळा निघाली होती, तिची पिवळी बस दारात यायची.

पट घसरला की शिक्षक जादा ठरतात, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कल्याणी स्टाफरूममध्ये आली की बोलणं थांबायला लागलं. विमलाबाई सर्वांत ज्येष्ठ, त्या तिच्यादेखत म्हणाल्या, "काहींना समाज सुधारायचा असतो आणि बदल्या आमच्या होतात." कल्याणीनं डबा उघडला, पोळी मोडली आणि तशीच परत ठेवली.

"थांबव की थोडे दिवस," मी तिला म्हणाले.

"थांबवलं तर मुलांना कळेल का थांबवलं ते," ती म्हणाली. "निकिताला तर आधी कळेल."

आणि सप्टेंबरमध्ये गोदा यायची बंद झाली.

सोजरबाईचं काम हायवेपलीकडच्या साइटवर हललं होतं. गोदा तोवर जोडाक्षरांपर्यंत आली होती. पृथ्वीराज तिला शिकवायचा, तोही असा खेकसून की जणू बैल हाकतोय. पण ती त्याला हसायची आणि तो चिडायचा नाही. ती न आल्यावर गट कल्याणीपुढे उभा राहिला. "बाई, आमचं वाचन अपुरं राहिलं." कल्याणीनं सांगितलं, "रविवारी मी जाते तिच्याकडे." पण त्या रविवारी तिच्या सासूबाई आजारी पडल्या आणि जाणं राहिलं. सोमवारी मुलांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बघू." मंगळवारी मधली सुट्टी संपली, घंटा झाली, आणि पृथ्वीराज, निकिता आणि चेतन वर्गात आले नाहीत.

आधी मैदान पाहिलं, मग मुताऱ्या, मग ओढ्याकडची बाजू. दप्तरं जागेवर होती, चपला नव्हत्या. शिपायाला गावात पाठवलं. शाळेच्या मागेच एका इमारतीचा पाया खणून ठेवला होता आणि पावसाचं पाणी त्यात काठोकाठ साचलं होतं. लोणकर सर त्या काठावर जाऊन उभे राहिले. पाणी गढूळ, हलत नव्हतं. त्यांनी शिपायाला बांबू आणायला सांगितलं. ते वाक्य ऐकल्यावर मला तिथे थांबवेना. मी वर्गाकडे परत आले.

कल्याणी चौथीच्या वर्गात उभी होती. "कुणाला माहीत आहे ती तिघं कुठे गेली?"

कुणी बोललं नाही. जून महिन्यात हाच प्रश्न विचारला असता तर वीस हात वर झाले असते. एकमेकांची नावं सांगण्यात या वर्गाचा हात कुणी धरत नव्हतं. आता सगळे खाली बघत होते. त्यांना माहीत होतं. एकाच वेळी सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांना धरून गप्प होते. कल्याणीच्याही ते ध्यानात आलं. तीन महिने तिनं जे शिकवलं ते समोर बसलं होतं आणि तिच्याशी बोलत नव्हतं.

लोणकर सर दारात आले. "सांगता की छडी काढू?"

"सर, नको," कल्याणी म्हणाली. ती खाली बसली, मुलांच्या सतरंजीवर. "मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "मी रागावलेली नाही. मला खरंच भीती वाटतेय. ती तिघं लहान आहेत आणि बाहेर खड्डे आहेत, ट्रक आहेत. त्यांनी सांगू नका म्हटलं असेल. तुम्ही शब्द दिला असेल."

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, सांगितलं तर आम्हाला गटातून काढणार का?"

"नाही. जिवाला धोका असेल तेव्हा सांगणं हेच गटाचं काम. हे मी तुम्हाला शिकवायला विसरले. चूक माझी आहे."

ती मुलगी रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "गोदाला आणायला गेलीत. हायवेच्या पलीकडं."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. जयसिंगरावांना कुणीतरी कळवलं होतं. ते मैदानातून ओरडतच आले, "कुठंय माझा पोरगा? पाणी भरायला धाडला का हायवेवर?" कल्याणी त्यांच्या अंगावरून तशीच पुढे गेली आणि मला म्हणाली, "स्कूटी काढा."

आमच्या मागे जीप. हायवेवर तेव्हा ना सिग्नल ना पूल. मुंबईहून बंगलोरकडे जाणारे ट्रक एकामागून एक सुटलेले. मी कडेला थांबले. मला ओलांडताच येईना. माझ्या मनात एकच, तिघं एवढीएवढी पोरं इथून कशी गेली असतील. रस्त्यावर काही पडलेलं दिसतंय का, हे मी बघत होते आणि बघवत नव्हतं. कल्याणी उतरली आणि हात वर करून चालत सुटली. एक ट्रक हॉर्न देत तिच्या पदराजवळून गेला. तिच्यामागून मी स्कूटी घातली, माझ्यामागे जीप.

साइटवर चार मजल्यांचा सांगाडा उभा होता. मागच्या बाजूला स्लॅब चाललेला, मिक्सरचा घरघराट, घमेल्यांची साखळी. सगळे मजूर तिकडे. पुढच्या बाजूला कुणीही नव्हतं. आम्ही वर पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, पृथ्वीराज बसला होता. भिंती नव्हत्या, त्यामुळे बाहेरूनच सगळा जिना दिसत होता. नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या, कठडा नाही, एका अंगाला थेट खालपर्यंत मोकळं. त्याचे दोन्ही हात मागच्या खांबाला घट्ट आवळलेले. शेजारी गोदा, चेतन, आणि निकिताच्या कडेवर एक तान्हं मूल. पुढे कळलं ते असं. गोदा वर धाकट्या भावाला सांभाळत होती. तिनं खाली तिघांना पाहिलं आणि हाक मारली. तिघं धावत वर गेली. वर पोचल्यावर पृथ्वीराजनं खाली बघितलं आणि त्याचे हातपाय आखडले. तेव्हापासून तो तिथेच होता. म्हणून ती परतली नव्हती.

जयसिंगरावांनी तोंड उघडलं. कल्याणीनं त्यांचा दंड धरला. गावात कुणी त्यांना असा हात लावला नसता. "हाक मारू नका," ती म्हणाली. "दचकेल."

"सोडा. मी जातो वर."

"तुम्ही धावत जाल. तुम्हाला बघून तो उठायला जाईल. मी जाते, हळू. तुम्ही इथे उभे राहा. त्याच्याकडे बघू नका."

त्यांनी दंड सोडवून घेतला नाही.

कल्याणी चपला काढून जिना चढायला लागली. पायऱ्यांवर वाळू आणि ओल होती. मागचा मिक्सर मध्येच थांबला होता आणि मी जिन्याच्या खाली उभी, म्हणून वरचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"डोळे मीट," चेतन सांगत होता. "मीट म्हंजे दिसणार नाही."

"मिटू नगंस," गोदा म्हणाली. "मिटल्यावर जास्त भ्याव वाटतंय. माज्या पाठीकडं बघ."

"अरे, धर त्याला, ओढ—" पुन्हा चेतन.

"ओढू नको!" ही निकिता. "त्यालाच विचारा ना त्याला काय पाहिजे."

मग पृथ्वीराजचा आवाज, अगदी बारीक. "कुणी बोलू नका. आणि गोदा, तू पुढं बस."

गोदा त्याच्या पुढच्या पायरीवर बसली. चेतन मोकळ्या बाजूला सरकला, आपण होऊन. मला ओरडावंसं वाटलं. निकिता मुलाला घेऊन मागे. आणि कुणी एक शब्द बोललं नाही. गोदा बसल्या बसल्या एक पायरी खाली घसरायची, थांबायची. पृथ्वीराज मागचा आधार सोडून एक हात तिच्या खांद्यावर ठेवायचा, मग दुसरा, मग बूड सरकवायचा. मग चेतन. मग पुन्हा गोदा.

कल्याणी मधल्या वळणावर पोचली होती. तिच्या वर चार-पाच पायऱ्यांवर मुलं होती. तिनं हात पसरले, एक पाऊल वर टाकलं, आणि थांबली. तिथून ती पृथ्वीराजला उचलू शकली असती. पण उचलायचं तर चेतनच्या बाजूनं जावं लागलं असतं, आणि चौघांची ती लय मोडली असती. ती तशीच उभी राहिली, पाठ मोकळ्या बाजूला, हात पसरलेले. चेतन सरकला की तीही एक पायरी मागे, न बघता. खाली माझ्या शेजारी जयसिंगराव जमिनीकडे बघत उभे होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "किती राहिलं? बाई, किती राहिलं?"

शेवटच्या वळणावर चेतनचा पाय वाळूवरून घसरला. गोदानं मागे न बघता त्याचा सदरा पकडला. कल्याणीचा गुडघा त्याच्या पोटाशी आला. एवढंच. मग ती सगळी खाली आली.

जयसिंगरावांनी मुलाला उचललं. पृथ्वीराजला त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरच उलटी झाली. त्यांनी ती पुसली नाही. ते कल्याणीकडे वळले. "तुमची कंप्लेंट होणार, बाई. आजच."

"करा," ती म्हणाली. ती विटांच्या चळतीला टेकली होती. "माझ्या शब्दावरून ती इथे आली. चूक झालीच आहे. पण जिन्याला कठडा नाही आणि वर मुलं राहतात, हेही बघा."

त्यांनी वर पाहिलं. ती साइट त्यांच्याच भागीदारीतली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मुलाला घेऊन जीपकडे गेले.

तोवर सोजरबाई घमेलं टाकून धावत आली होती. तिला वाटलं गोदानं काहीतरी केलं. तिनं आधी गोदाच्या पाठीत एक ठेवून दिली. कल्याणीनं मध्ये पडून सांगितलं तेव्हा ती खालीच बसली. "शाळेला धाडीन की बाई," ती म्हणाली. "पर ह्या लेकराला कोन बघंल? मी हितं वर आन् खाली."

कल्याणीनं निकिताच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यालाही घेऊन येऊ दे."

चौकशी झाली. शिक्षण खात्याचे साहेब आले, आमचे सगळ्यांचे जबाब घेतले. लोणकर सरांनी सांगितलं की मुलांना लांब लांबच बसू द्या असं त्यांनी बजावलं होतं. खोटं नव्हतं ते. मी जे पाहिलं ते सांगितलं, जिन्यावरचंसुद्धा. साहेबांनी विचारलं, "मुलं बाहेर गेली कशी, ते सांगा. जिन्याचं नको." कल्याणीनं स्वतःच्या बाजूनं काहीच मांडलं नाही. फाटक उघडं होतं, कुंपण अर्धवट होतं, हे तिनं म्हणायला हवं होतं, म्हणून मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "ते मी म्हटलं तर शिपायाची नोकरी जाईल."

पण दोन गोष्टी झाल्या ज्यांची आम्ही कुणी अपेक्षा केली नव्हती. त्या साइटच्या जिन्याला बांबू बांधले गेले, खालपासून वरपर्यंत. जयसिंगराव त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत आणि तक्रारही मागे घेतली नाही. आणि चेतनचे वडील सकाळी हायवेपलीकडे फेरी असली की टेम्पोत गोदाला आणायला लागले, तिच्या भावासकट. ते मूल चौथीच्या वर्गात मागे पोत्यावर झोपायचं. रडायला लागलं की ज्या गटाची पाळी असेल तो गट त्याला घेऊन व्हरांड्यात फिरायचा आणि माझ्या तिसरीचं लक्ष उडायचं. कल्याणीनं गट मोडले नाहीत. वर्गात त्यानंतरच्या पहिल्याच दिवशी तिनं नियमाला पुढचं अर्धं जोडलं. कुणी मागे राहिलं तर परत यायचं, पण आधी मोठ्या माणसाला सांगून. मुलांकडून तिनं ते इतक्यांदा म्हणवून घेतलं की माझ्या वर्गालाही पाठ झालं.

पृथ्वीराजचा दाखला काढायला जयसिंगराव आले होते. मुलगा ऑफिसच्या दारात उभा राहिला आणि "वर्ष संपल्यावर" एवढंच म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि निघून गेले. पुढच्या जूनमध्ये तो पिवळ्या बसमधून गेलाच. गोदा त्याआधीच गेली होती. दिवाळीत साइटचं काम संपलं आणि सोजरबाईचं बिऱ्हाड हललं. कुणी म्हणालं हिंजवडीला, कुणी म्हणालं थेट हैदराबादला. कल्याणी काही रविवार हिंजवडीच्या साइट्स धुंडाळत फिरली, प्रज्ञेशला घेऊन. गोदा सापडली नाही. ती जोडाक्षरं पुरी करून गेली होती, एवढंच समाधान. आणि ते पुरेसं नव्हतं, असं कल्याणीच म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या बदलीचा आदेश आला, स्वारगेटकडच्या एका शाळेत. शेवटच्या दिवशी मुलांनी तिला काही दिलं नाही, भाषणं केली नाहीत. पाण्याची पाळी ज्या गटाची होती त्यानं पाणी भरलं. निकितानं तिला ओगराळ्यानं पाणी वाढलं, आणि मग पृथ्वीराजला, आणि तो घटाघट प्यायला.

संध्याकाळी मी तिला कोथरूडला तिच्या दाराशी सोडलं. ती उतरली आणि स्कूटीच्या हँडलवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आगाशे बाई, त्या वळणावर मी पुढे झाले नाही," ती म्हणाली. "चेतनचा पाय घसरला तेव्हा माझा गुडघा तिथे होता म्हणून. नसता तर?"

"होता ना."

"हो. पण मी तो ठेवलेला नव्हता. आपोआप आला." तिनं हँडलवरचा हात काढला. "मी थांबले ते बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. रोज विचार करते."

तिला धीर द्यावा म्हणून मी काहीतरी बोलायला गेले, पण माझ्याही डोळ्यांपुढे तोच जिना होता. "मलाही नाही कळत," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, पिशवी खांद्यावर घेतली आणि जिना चढून घरात गेली.